आधी ‘न्हाई’ शिकवणारी यशोधराअक्का

२०१८ साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो आणि खजुरीत आमच्या गल्लीत मला कोणी नाही म्हणत नव्हतं. बांधावरचं भांडण असो, सोयरीक असो, मी दोन शब्द बोललो की लोक उठून आपापल्या घरी जात. शिक्षण म्हणाल तर चौथी. त्याची लाज मला तेव्हाही नव्हती, आताही नाही. शब्दाला जागणारा माणूस म्हणून आळंदपर्यंत मला ओळखत होते.

त्या साली श्रावणात गावात सांधे धरणारा ताप आला. खाली वाकलेलं माणूस सरळ होईना. मलाही आला, आठ दिवस मी भिंतीला धरून परसाकडे गेलो. ताप ओसरला आणि भाद्रपदाच्या कडक उन्हात गुलबर्ग्याच्या दवाखान्याची जीप आली. त्यातून एक ठेंगणी बाई उतरली. वय पन्नाशीच्या पुढे, जाड भिंगाचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ. एका हातात निळी पेटी. दुसऱ्या हातावर लोकरीचा स्वेटर. ऊन असं, की कुत्री गटारात जाऊन बसलेली, आणि हिच्याजवळ स्वेटर. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

ती यशोधराअक्का. साथीच्या तापात लोकांनी दिलेलं रक्त घेऊन जायचं आणि वर्षानुवर्षं थंडीत सांभाळून ठेवायचं, हे तिचं काम. पुढे कधी कुणी शहाणा माणूस त्या तापावर लस शोधेल, तेव्हा त्याला ते लागतं. अक्का आता नाही. दोन हजार एकवीसच्या साथीत बिदरला गेली. तिच्यामागे तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या असतील असं मला वाटत नाही, म्हणून मी लिहितो.

पहिल्या दिवशी ती माझ्या ओसरीवर आली. मी गाव विचारलं, जनवाडा म्हणाली. मग आडनाव सांगितलं. आडनावावरून मी जे ओळखायचं ते ओळखलं. खोटं कशाला बोलू? हिला खुर्ची द्यावी की सतरंजी, हा विचार माझ्या डोक्यात आला. तेवढ्यात ती खाली बसली.

मी म्हणालो, “खुर्ची हाय की बाई.”

“दिसली मला,” ती म्हणाली. “पण मी मागायला आलेय. ज्याच्याकडं मागायचं, त्याच्यापेक्षा उंच बसू नये. तुमी खाली हाव म्हनून मी खाली.”

मला वाटलं, हे आमच्यासारख्यांच्या घरापुरतं असेल. नंतर बघितलं तर वस्तीतल्या भीमाबाईच्या दारात ती तशीच बसली होती, मौलासाहेबाच्या अंगणातही तशीच.

रक्त घेण्याआधी ती एक गोष्ट करायची, ती मी आयुष्यात दुसऱ्या कुणी केलेली पाहिली नाही. आमचा मुलूख तीन भाषांचा. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी. अक्का तिन्ही बोलायची. पण ‘द्या’ म्हणण्याआधी ती ‘देत नाही’ कसं म्हणायचं ते शिकवायची.

“म्हना बघू माझ्यासंगट,” असं म्हणून ती तीन बोटं वर करायची. “न्हाई. नक्को. ब्याडा. ह्यातलं कुठलंबी एक म्हनलं की मी सुई परत ठेवते. कामून म्हनून इचारत न्हाई. च्या पाजला तर पिऊन जाते.”

लोकांना गंमत वाटायची. लहानथोर सगळे ओरडायचे, न्हाई, नक्को, ब्याडा. ओरडून झालं की ती काम सांगायची. रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी काढणार, करंगळीच्या पेराएवढ्या नळीत भरणार, बर्फापेक्षाही गार पेटीत ठेवणार. दहा वर्षं, वीस वर्षं.

मी विचारलं, “मग आमाला काय मिळनार?”

“एक बिस्किटचा पुडा आन दंडावर निळा डाग.”

“औषध?”

“न्हाई. लस झाली तर तुमच्या नातवंडाला मिळंल. न्हाईतर ज्याचं तोंडबी तुमी बघनार न्हाई अशा कुनाच्या तरी लेकराला. झाली तर. मी वायदा करत न्हाई, अप्पा.”

इतकं सांगून झालं की ती समोरच्याला म्हणायची, आता मी काय म्हणाले ते तुमच्या शब्दांत सांगा. जे सांगेल ते ती कागदावर जसंच्या तसं लिहायची. त्याला कागदावर वेगळी जागाच होती. ते बरोबर नसलं तर सुई नाही.

ह्यावरून आमच्या काशीबाईचा आणि तिचा चांगला तंटा झाला. काशीबाई ऐंशीची. स्वतःहून दंड उघडा करून बसली.

“आजी, मी काय म्हनले सांगा.”

“तू रगत घेतीस आन माझं गुडगं बरं करतीस.”

“न्हाई आजी, मी असं न्हाई म्हनले.” अक्कानं परत सगळं सांगितलं.

“बरं. रगत घेतीस, गुलबर्ग्याला नेतीस, मशीनमधी घालून गुडगं बरं करतीस.”

तिसऱ्यांदा सांगितलं. काशीबाईनं गुडघा सोडला नाही. अक्कानं पेटी मिटली, म्हातारीच्या उघड्या दंडावर पदर ओढला. म्हातारी चिडली.

“आगं घे की सटवे! मी देयलेय तर तुझं काय जायलंय?”

“तुमी गुडग्यासाठी देयलाव, आजी. मी गुडग्यासाठी घेयला न्हाई आले. ही फसवनूक हुईल.”

म्हातारीनं शिव्या दिल्या, अक्का खाली मान घालून ऐकत बसली. नंतर तिनं काशीबाईला दवाखान्याच्या गाडीतून हाडाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. रक्त मात्र घेतलं नाही. मला तेव्हा हा अतिपणा वाटला. म्हातारी देते म्हणते, घ्यावं, संपवावं.

मी माझं रक्त दिलं. माझे शब्द तिनं लिहिले ते अजून आठवतात. मी म्हणालो होतो, “मी गेल्यावरबी माझं रगत कामावर राहनार.” तिनं ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, “मी पंधरा वर्षं हे काम करायलेय, अप्पा. असं कुनी सांगितलं न्हाई.” मला अभिमान वाटला. आठवडाभर मी हे गावभर सांगत होतो.

दिवाळीनंतर तूर घेऊन मी गुलबर्ग्याच्या अडतीवर गेलो, आणि तसाच दवाखान्यात गेलो. ज्यांनी दिलं त्यांनी कधीही यावं, आपलं कुठे ठेवलंय ते बघावं, असं ती सगळ्यांना सांगायची. कोणी जात नसे. मी गेलो. मागच्या इमारतीत तळमजल्यावर तिची खोली. कपाटाएवढ्या पेट्या रांगेत घरघरत होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर लाल आकडे. उणे ऐंशी, म्हणाली. स्वेटरचा उलगडा तेव्हा झाला. दिवसभर ती तिथे हातमोजे घालून उठबस करायची, तिची बोटं टोकाला पांढुरकी पडली होती. चहा इतका कढत प्यायची की माझ्या घशाला नुसतं बघून चटका बसावा.

कुलपातल्या वहीत तिनं काहीतरी पाहिलं. मग म्हणाली, “आता दार उघडलं की बोलायचं न्हाई. दार उघडं तवर तोंड बंद.” धूर निघाला. तिनं एक डबा ओढला, त्यातल्या एका नळीवर बोट ठेवलं, डबा आत, दार बंद. दहा आकडे मोजेपर्यंत सगळं झालं.

“बघितलं?”

“त्यावर माझं नाव न्हाई.”

“नंबर हाय.”

“माझ्या बापजाद्यांचं नाव हाय, बाई. मी काय जनावर हाव नंबर टाकाया?”

ती हसली नाही. हातमोजा काढत म्हणाली, “नाव लिवलं की आडनाव लिवावं लागतंय. आडनाव लिवलं की मानसं ओळखतेत. नंबरला जात नसती, अप्पा. त्या डब्यात तुमच्या बाजूला कोन बसलंय, ते मी मेले तरी सांगनार न्हाई. खजुरीचंच हाय, एवढंच.”

परत येताना एसटीत मी ह्याच विचारात होतो. माझ्या बाजूला कोण? भीमाबाई असेल, मौलासाहेब असेल. गावात पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, आणि तिथे आम्ही खांद्याला खांदा लावून बसलेलो. आधी राग आला. आळंद जाऊन खजुरीचा फाटा येईपर्यंत तो राग कुठे गेला कळलं नाही. त्या दिवसापासून मी तिला बाई म्हणायचं सोडून अक्का म्हणायला लागलो. वयानं ती माझ्यापेक्षा लहान होती, तरीही.

दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला. आता ज्यांना ताप आला नव्हता त्यांचं रक्त हवं होतं. त्याच गल्लीत राहून, तेच डास चावून हे लोक वाचले कसे? ते त्यांच्या रक्तात सापडलं तर सापडेल. चाळीस तरी माणसं लागतील, नाहीतर पहिल्या वर्षीचं अर्धं काम वाया जाईल, कारण जोडीला जोड लावून बघावं लागतं.

“पन ह्या वेळी मला येता येत न्हाई,” ती म्हणाली. “एक पेटी बिघडलीय. दुसरा मानूस पाठवते. तुमी लोकांना एवढंच सांगा, की येयलेत म्हनून.”

मी म्हणालो, “चाळीस काय, एक्केचाळीस देतो. माझा शब्द.”

मारुतीच्या देवळापुढे मी गल्ली गोळा केली. एकोणीस घरं, एक्केचाळीस माणसं. आलेला माणूस नवा होता, घाईत होता, संध्याकाळच्या आत माल गुलबर्ग्याला पोचवायचा होता. तो न्हाई-नक्को सांगायला लागला, तर मीच म्हणालो, “ते ऱ्हाऊ द्या. मी समद्यांना सांगितलंय. हात पुढं करा रे.” हात पुढे झाले. त्यानं ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हटलं की माणसं माझ्याकडे बघत. मी मान हलवायचो. दुपारी तीनला काम संपलं. एकही नकार नाही. मी त्या माणसाला म्हणालो, “अक्काला सांगा, अप्पानं शब्द पाळला.”

आमच्याकडे असंच चालतं. घरातला कर्ता घरासाठी बोलतो, गल्लीतला थोर गल्लीसाठी. त्यात काही वावगं आहे, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी अक्का आली. जीप नाही, एसटीनं. पिशवीत कागदांचा गठ्ठा. माझ्या ओसरीवर बसली आणि कागद एकेक करून माझ्यापुढे ठेवायला लागली.

“वाचा, अप्पा. चौथीचं वाचता येतंय न्हवं.”

माणसाच्या शब्दांच्या जागेवर लिहिलं होतं, ‘अप्पांनी सांगितलं, चांगलं काम आहे.’ दुसरा कागद, तेच. तिसरा, तेच. एक्केचाळीस कागदांवर एकच वाक्य.

“मग? चांगलंच काम हाय की,” मी म्हणालो.

“एक्केचाळीस मानसं एका तोंडानं बोलत नसतेत.”

“माझ्या तोंडानं बोलले. माझा शब्द हाय, अक्का.”

“तुमचा शब्द तुमच्या रक्तापुरता,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “ह्या नळ्या मला ठेवता येत न्हाईत. मोठ्या सायबांनी सांगितलं, अंगठे हायत, ठेवा. चाळीस लागतेत, ठेवा. माझी नोकरी दर वर्षाच्या कराराची हाय, ह्याच महिन्यात कागद हुनार. सगळं खरं हाय. पन मी ठेवनार न्हाई. मी घरोघर जाऊन परत इचारनार.”

ती दारोदार जाऊन विचारणार, म्हणजे अप्पानं फसवलं असंच गावाला दिसणार.

“असं करू नगा,” मी म्हणालो. हे मी आयुष्यात फार थोड्या लोकांना म्हणालो आहे. “माझी अब्रू जाती.”

“तुमची अब्रू जाऊ नये म्हनून मी एकटी जाते. तुमी घरातच बसा.”

“आन माझ्या घरातच कुनी न्हाई म्हनलं तर?”

ती उत्तर द्यायच्या आत आतून माझी सून सुरेखा उंबऱ्यावर आली. पदर डोक्यावर, मान खाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, माझ्यापुढे ती कधी दोन वाक्यं सलग बोलली नव्हती.

“अक्का,” ती म्हणाली, “मला द्यायचं नव्हतं. सुईचं भ्या वाटत हुतं. मामांनी सांगितलं म्हनून बसले. कुनी इचारलंच न्हाई.”

अक्कानं तिचा कागद वेगळा काढून उलटा ठेवला. मग उठली, पिशवी खांद्याला लावली आणि पहिल्या घराकडे निघाली. दिवसभर फिरली. मी आत जाऊन पडलो. दुपारी पोरानं जेवायला हाक मारली, मी उठलो नाही.

संध्याकाळी ती एसटीच्या आधी आली. तीस जणांनी नीट ऐकून हो म्हटलं होतं, त्यांचे शब्द लिहून आणले होते. अकरा जणांनी नाही म्हटलं होतं.

“कोन कोन?” मी विचारलं.

“ते मी सांगत नसते, अप्पा.”

“एक तर मला ठावं हाय.”

“मग बाकीचे धा इचारू नगा.” कागद पिशवीत घालत म्हणाली, “सोमवारी त्या अकरा नळ्या मी काढनार. तुमी या. तुमच्या शब्दावर आल्या होत्या, तुमच्या डोळ्यापुढं जाऊ द्या.”

जायचं नाही असं मी ठरवलं होतं. शनिवारी ठरवलं, रविवारी परत ठरवलं. सोमवारी पहाटेच्या गाडीत मी बसलेलो होतो.

तिनं दार उघडलं, मी तोंड बंद ठेवलं. अकरा नळ्या तिनं पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडल्या. बोलायची परवानगी आल्यावर मी म्हणालो, “नालीत वता, झालं. पिवळं पानीच हाय.”

“मानसाचं हाय,” ती म्हणाली.

वहीत एकेका नंबरापुढे तिनं तारीख टाकली, सही केली. नळ्या एका जाड पिशवीत घातल्या, पिशवी वाफेच्या यंत्रात ठेवली. पिंपाएवढं भांडं, डॉक्टर त्यात अवजारं उकळतात. झाकण आवळलं. काटा वर चढायला लागला. मला वाटलं, आता ही दुसऱ्या कामाला लागेल, तिथे कामाचा डोंगर पडला होता. ती गेली नाही. स्टूल ओढून त्या यंत्रापुढे बसली. सरणाला अग्नी दिल्यावर आपली माणसं लगेच पाठ फिरवत नाहीत, तशी.

एक साहेब दारात आला. कानडीत बोलला, मला सगळं कळलं. तीस नळ्यांत काय होणार आहे, वर्षाचं काम बुडवलंस, तुझ्या कराराचा कागद माझ्या टेबलावर पडलाय, मी आता वर काय लिहू? अक्का स्टुलावरून उठून उभी राहिली, सगळं ऐकून घेतलं. “जे झालं तेच लिहा, सर,” एवढंच म्हणाली. तो गेला. ती परत बसली.

माझ्या तोंडाशी आलं होतं की त्याला सांगावं, चूक माझी आहे, हिची नाही. मी बोललो नाही. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या वतीनं इतका बोललो, आणि माझं स्वतःचं बोलायची वेळ आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली. ते मला आजही खातं.

काटा उतरला, वाफ सुटली. खोलीत ओल्या कपड्यांसारखा वास आला. ती म्हणाली, “झालं. जा अप्पा, तुमची गाडी चुकंल.”

“तुमच्या नोकरीचं काय व्हईल?”

“बघू.”

दारात जाऊन मी मागे वळलो. ती स्वेटर अंगात घालत होती, एक बाही अडकली होती. चष्मा वाफेनं पांढरा झालेला, त्यामुळे तिला मी दिसत नव्हतो. तशीच ती चाचपडत पेटीजवळ गेली, लाल आकडा वाचायला अगदी नाक लावून उभी राहिली, आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायला लागली. पुढच्या महिन्यात तिचा करार संपला. नवा कागद झाला नाही तो नाहीच. ती बिदरला भाचीकडे राहायला गेली आणि मी तिला परत पाहिलं नाही.

त्या सोमवारी मी घरी पोचलो, कोणाशी न बोलता झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धोतर नेसलो आणि चुलीपुढे गेलो. सुरेखा भाकरी थापत होती. मला बघून उठायला लागली.

“बस,” मी म्हणालो. “म्या तुला न इचारता तुझा हात पुढं केला, पोरी. चुकलं माझं.”

तिचा हात पिठावर थांबला. मग म्हणाली, “मामा, च्या घेऊन जा.”

“आल्यावर घेतो.”

बाकीचे दहा कोण, हे अक्कानं सांगितलं नव्हतं. म्हणून माझं घर सोडून अठरा दारं होती. मी चप्पल घातली, शेजारच्या दारापुढे जाऊन उभा राहिलो आणि कडी वाजवली.